सीएमएसच्या फॉर्मवर कमेंट द्यायचीय? रागाबरोबर मिनिटंही लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या होम हेल्थ एजन्सीचं (पेशंटच्या घरी नर्स वगैरे पाठवणाऱ्या संस्थेचं) ऑफिस बघणाऱ्या ताईंना कोणीतरी फेडरल रजिस्टरमधली, म्हणजे अमेरिकन सरकारच्या राजपत्रातली, सीएमएसची नोटीस फॉरवर्ड केली. सीएमएस म्हणजे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा) बघणारी फेडरल एजन्सी. त्या नेहमी भरतात त्याच एका फॉर्मची मुदत वाढवायचीय म्हणून ६० दिवसांत लोकांच्या कमेंट्स मागवल्यात. फॉर्मला २० मिनिटं लागतात असं सरकार म्हणतंय आणि त्यांच्याकडे एकेका फॉर्ममागे जवळपास तास जातो. त्या विचारतायत की आमच्यासारख्यांनी लिहून काही होतं का, ते वाचतं कोण, आणि लिहायचं तर नेमकं काय.

ताई, होतं. पण कसं लिहिता यावर खूप अवलंबून आहे. मी बरीच वर्षं होम हेल्थ एजन्सीज आणि डॉक्टरांच्या ऑफिसेससाठी कंप्लायन्सचं काम करते आणि या नोटिसा वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ही नोटीस येते कशामुळे ते बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. अमेरिकेत पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे, १९८० चा, १९९५ मध्ये तो जवळपास नव्याने लिहिला गेला. कुठल्याही फेडरल एजन्सीला १२ महिन्यांत १० किंवा जास्त लोकांना (यात कंपन्या, हॉस्पिटलं, राज्य सरकारं सगळी आली) तेच तेच प्रश्न विचारायचे असतील तर आधी व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसची, म्हणजे ओएमबीची परवानगी लागते. फॉर्म सक्तीचा असो की ऐच्छिक, कागदावर असो की पोर्टलवर, फरक पडत नाही. ही परवानगी जास्तीत जास्त ३ वर्षांची. ती संपत आली की सीएमएसला परत सगळी प्रोसेस करावी लागते आणि तुमच्या हातात आलेली नोटीस ही त्याचीच पहिली पायरी आहे. फॉर्मच्या पहिल्या पानावर किंवा शेवटच्या डिस्क्लोजरमध्ये बघा, ओएमबी कंट्रोल नंबर असेल, सीएमएसचे ०९३८ ने सुरू होतात. तो नंबर आणि नोटिशीतला सीएमएसचा फॉर्म नंबर, दोन्ही लिहून घ्या, कारण एकाच नोटिशीत बऱ्याचदा तीन-चार वेगवेगळे फॉर्म्स असतात आणि लोक भलत्याच फॉर्मवर कमेंट देऊन मोकळे होतात.

आता वेळापत्रक, आणि इथे खरोखर लक्ष द्या. आधी ६० दिवसांची नोटीस, तेव्हा कमेंट सीएमएसकडे जाते, रेग्युलेशन्स डॉट गव्हवर किंवा सीएमएसच्या बाल्टिमोरच्या पत्त्यावर पोस्टाने. मग सीएमएस पूर्ण पॅकेज (फॉर्म आणि त्याची सगळी कागदपत्रं) ओएमबीकडे पाठवते आणि ३० दिवसांची दुसरी नोटीस निघते, तेव्हाच्या कमेंट्स ओएमबीमधल्या ओआयरा नावाच्या विभागाकडे जातात, रेगइन्फो डॉट गव्हवरून. लोकांना वाटतं की वरच्या ऑफिसला लिहिलेलं जास्त वजनदार, म्हणून पहिली नोटीस सोडून देतात. माझा अनुभव उलटा आहे. पहिल्या ६० दिवसांत फॉर्म अजून सीएमएसच्या टीमच्या हातात असतो, बदल करायला वेळ असतो, आणि ओएमबीला पॅकेज पाठवताना लोकांनी काय म्हटलं आणि आम्ही त्याचं काय केलं हे त्यांना लेखी द्यावंच लागतं. दुसऱ्या टप्प्यात मात्र तुम्ही असं लिहू शकता की आम्ही अमुक मुद्दा ६० दिवसांत मांडला होता, सीएमएसने दिलेलं उत्तर अमुक कारणाने अपुरं आहे, आणि मग ओआयराचा डेस्क ऑफिसर ते उत्तर घेऊन सीएमएसला प्रश्न विचारू शकतो. म्हणजे दुसऱ्या कमेंटची ताकद पहिल्या कमेंटमधून येते. दोन्ही द्या, पण पहिली चुकवू नका.

वाचतं कोण, तर सीएमएसमध्ये तो फॉर्म ज्या टीमचा असतो ते लोक वाचतात, आणि पुढे ओआयराचा डेस्क ऑफिसर. मोठ्या नियमांवर हजारो कमेंट्स पडतात तसं इथे नसतं. साध्या मुदतवाढीच्या नोटिसांवर अनेकदा एकही कमेंट नसते, 'कोणत्याही कमेंट्स आल्या नाहीत' ही ओळ मी त्यांच्या कागदपत्रांत कितीतरी वेळा वाचलीय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण तोच फॉर्म भरणाऱ्या नर्सेस आणि बिलिंगवाल्या बायका त्याच्यावर रोज चिडत असतात. अशा ठिकाणी एका छोट्या ऑफिसची नीट लिहिलेली दोन पानं कुठेही हरवत नाहीत.

मग लिहायचं काय? नोटीस वाचून काहीच कळणार नाही, ती चार ओळींची असते. खरं वाचायचं ते सपोर्टिंग स्टेटमेंट, पार्ट ए. सीएमएसच्या साइटवर पीआरए (म्हणजे वरचा पेपरवर्कचा कायदा) लिस्टिंगमध्ये फॉर्म नंबर टाकला की मिळतं, जुन्या मंजुरीचं रेगइन्फोवर कंट्रोल नंबरने सापडतं. ते १८ ठरलेल्या मुद्द्यांचं असतं, प्रत्येक पॅकेजमध्ये तेच १८, त्यामुळे एकदा सवय झाली की पुढच्या वेळी लगेच हवं ते पान उघडता येतं. तुम्ही आधी मुद्दा १२ उघडा. इथे सरकारने हिशोब केलेला असतो की किती जण भरणार, वर्षातून किती वेळा, प्रत्येक वेळी किती मिनिटं, आणि ते काम कोण करतं. त्या माणसाचा तासाचा पगार कामगार आकडेवारीच्या ब्युरोकडून घेतात आणि बेनिफिट्स आणि ऑफिसखर्च धरून सीएमएस तो सहसा दुप्पट करते. या गुणाकारातून जो आकडा येतो त्याला बर्डन म्हणतात.

तुमचा सगळा मुद्दा या गुणाकारात आहे. 'फॉर्म खूप त्रासदायक आहे' असं लिहिलंत तर त्याला उत्तर काय देणार, आभारी आहोत, नोंद घेतली. पण 'तुमच्या टेबलमध्ये २० मिनिटं आणि सगळं काम क्लार्कचं धरलंय, आमच्याकडे नर्सची २५ मिनिटं चार्टमधून माहिती काढण्यात जातात, क्लार्कची २० पोर्टलमध्ये भरण्यात, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची १० तपासून सही करण्यात, एकूण ५५' असं लिहिलंत की त्यांना एकतर आकडा बदलावा लागतो किंवा का बदलत नाही ते लिहावं लागतं. नर्सचा तासाचा दर क्लार्कपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे नुसती मिनिटं वाढत नाहीत, खर्च त्याहून जास्त वाढतो. समजा तुम्ही महिन्याला ४० फॉर्म्स भरता, म्हणजे वर्षाला ४८०. त्यांच्या हिशोबाने १६० तास, तुमच्या हिशोबाने ४४०. हा २८० तासांचा फरक एका छोट्या एजन्सीचा आहे, आणि तो असा लिहिलेला कागद बाजूला ठेवणं कोणालाही अवघड जातं.

ही मिनिटं कशी मोजली हेही लिहा. दोन-तीन आठवडे जे फॉर्म्स जातील त्यांची साधी नोंद ठेवा, कोणी, कधी सुरू केलं, कधी संपलं. तुमच्या ईएचआरमध्ये (पेशंटच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑडिट लॉग असेल तर त्यातल्या वेळा काढता येतात, त्या जास्त भरवशाच्या वाटतात. सरासरीबरोबर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वेळ किती तेही द्या आणि जास्त का लागला ते एका ओळीत. पोर्टलने फॉर्म परत पाठवला, पेशंट दोन हॉस्पिटलांतून आला होता, डॉक्टरांची सही मिळेना, जे असेल ते. आकडा फुगवू नका. फुगवलेला आकडा वाचणाऱ्याला लगेच कळतो आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

इथे एक बारकावा आहे जो बहुतेक लोकांना माहीत नसतो. कायद्यात बर्डन म्हणजे फक्त रकाने भरण्याचा वेळ नाही. सूचना वाचणं, स्टाफला शिकवणं, रेकॉर्ड्स शोधणं, त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर घेणं आणि बसवणं, भरलेलं तपासणं, पाठवणं, हे सगळं त्यात येतं. सरकारी अंदाजात नेमका हाच भाग बारीक होतो. पण दुसऱ्या बाजूने, जे काम तुम्ही तसंही केलंच असतं ते त्यात धरता येत नाही. नर्स व्हिजिटनंतर जखमेची नोंद चार्टमध्ये करते ती तुमच्या नेहमीच्या कामाची, ती मोजू नका. तीच नोंद परत त्यांच्या रकान्यांच्या भाषेत बसवून पोर्टलमध्ये टाइप करावी लागते, तो वेळ मोजा. ही फारकत तुम्ही स्वतःच करून दिलीत तर समोरच्याला कळतं की कमेंट लिहिणाऱ्याला नियम माहीत आहे, आणि वाचण्याची पद्धतच बदलते.

मुद्दा १२ झाल्यावर मुद्दा ४ बघा, तिथे सीएमएस लिहिते की ही माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही. बऱ्याच पॅकेजेसमध्ये हे एका वाक्यात उरकलेलं असतं. आता तुमच्या फॉर्ममध्ये एजन्सीचं नाव, पत्ता, टॅक्स आयडी, मालकी, एनपीआय (आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) विचारलंय का? यातलं बरंचसं तुम्ही मेडिकेअर एनरोलमेंटच्या वेळी पेकॉस या त्यांच्या नोंदणी सिस्टिममध्ये दिलेलं आहे, एनपीआय तर त्यांच्याच एनपीपीईएस या सिस्टिममधून निघतो. मग रकाना क्रमांक लिहून सांगा की हे पाच रकाने तुमच्याकडे आहेत, एनपीआय टाकला की आपोआप भरले जावेत. मुद्दा ५ लहान व्यवसायांचा. २५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्यांचा भार आणखी कमी करण्याचे प्रयत्न फेडरल एजन्सीने करावेत असं कायद्यात २००२ पासून स्पष्ट आहे, तुम्ही त्यात बसत असाल तर ते वाक्य जरूर घाला. आणि मुद्दा २ मध्ये माहितीचा उपयोग काय करतो ते लिहिलेलं असतं, तो नीट वाचा, कारण एखादा प्रश्न त्या उपयोगात कुठेच बसत नसेल तर तो काढा असं म्हणण्याचा तोच आधार.

मुद्दा १ मध्ये कुठल्या कायद्याने ही माहिती मागितली जाते ते दिलेलं असतं. जे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यातच लिहून ठेवलंय ते सीएमएस काढू शकत नाही, कितीही कळकळीने लिहिलं तरी. 'माहिती घ्या' हे कायद्यात असतं, पण दर महिन्याला की वर्षातून एकदा, किती रकान्यांत, कुठल्या फॉरमॅटमध्ये, हे बहुतेक वेळा सीएमएसने ठरवलेलं असतं. मागणी तिथे करा. तसंच रेट्स कमी आहेत, क्लेम्स रखडतात, ऑडिट फार होतात, हे सगळं खरं असलं तरी या कमेंटमध्ये नको, त्याला 'कक्षेबाहेर' असा शिक्का बसतो आणि सोबतचा चांगला मुद्दाही झाकला जातो.

प्रत्येक अडचणीला पर्याय द्या. 'प्रश्न ७ संदिग्ध आहे' इथे थांबू नका, तुम्हाला हवा तसा प्रश्न ७ लिहूनच द्या. फॉर्मवर एक तारीख विचारलीय आणि सूचनांमध्ये दुसरीच अपेक्षित आहे अशा विसंगती तुम्हालाच दिसतात, बाल्टिमोरमध्ये बसलेल्या माणसाला नाही. मला विचाराल तर सगळ्यात जास्त बदल अशाच मुद्द्यांवर होतात, शब्द, सूचना, रकान्यांची मर्यादा, कारण ते करायला त्यांना कोणाची परवानगी मागत फिरावं लागत नाही. मोठे बदलही होतात पण वेळ लागतो. मेडिकल इक्विपमेंटसाठी डॉक्टरांकडून भरून घ्यायचे ते सर्टिफिकेट ऑफ मेडिकल नेसेसिटीचे फॉर्म्स आठवतात का, १ जानेवारी २०२३ पासून ते बंद झाले. तीच माहिती क्लेममध्ये आणि मेडिकल रेकॉर्डमध्ये होतीच, हा मुद्दा शेवटी मान्य झाला.

काही फॉर्म्स सरकारला जातच नाहीत, पेशंटच्या हातात द्यायचे असतात, त्यांच्यावर कमेंट चालते का असंही लोक विचारतात. चालते. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टीलवर्कर्स युनियनच्या केसमध्ये म्हटलं होतं की तिसऱ्याला द्यायची माहिती या कायद्यात येत नाही, १९९५ च्या दुरुस्तीने ते बदललं. त्यामुळे मेडिकेअर पैसे देणार नाही अशी शक्यता असली की पेशंटला आधी द्यायची ती एबीएन नोटीससुद्धा याच प्रोसेसमधून जाते. ती सीएमएसने इंग्लिश आणि स्पॅनिशमध्येच काढलीय. आपल्याकडची आई-बाबांच्या वयाची मंडळी ती हातात घेऊन बसतात आणि कोणीतरी मराठीत, गुजरातीत समजावून सांगेपर्यंत सही करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, पैशाचा कागद आहे. पण त्या समजावण्याला जाणारा वेळ कोणी लिहून कळवल्याशिवाय त्यांच्या टेबलमध्ये दिसणार कसा? आणि हे पेशंट किंवा त्यांची मुलंही लिहू शकतात. कमेंट द्यायला एजन्सी चालवावी लागत नाही, नागरिक असावं लागत नाही.

काय या प्रोसेसमध्ये येत नाही तेही सांगते, म्हणजे वेळ फुकट जाणार नाही. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या खासगी विमा कंपनीने स्वतःच बनवलेला प्रायर ऑथचा (उपचाराआधी मंजुरी घेण्याचा) फॉर्म यात येत नाही, तो कंपनीचा आहे. राज्याच्या मेडिकेडने स्वतःहून काढलेला फॉर्मही नाही. सीएमएसच्या इनोव्हेशन सेंटरच्या पेमेंट मॉडेल्सना कायद्यानेच या मंजुरीतून सूट आहे, तिथे थेट मॉडेलच्या टीमला लिहावं लागतं. आणि होम हेल्थवाल्यांनी खास लक्षात ठेवा, ओएसिसमधले (होम हेल्थ पेशंटच्या तपासणीच्या ठरावीक प्रश्नावलीतले) बदल बऱ्याचदा वर्षाच्या पेमेंट रूलमधून येतात आणि तेव्हा बर्डनचा हिशोब त्या शेकडो पानांच्या प्रस्तावात 'कलेक्शन ऑफ इन्फर्मेशन' या भागात असतो. सगळे रेट्सची पानं वाचतात आणि हा भाग कोणी उघडत नाही, तर तुम्ही उघडा.

अजून एक, कारण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं. फॉर्मवर नंबर नाही किंवा तारीख उलटून गेलीय, मग भरायचं नाही का? कायद्यात संरक्षण आहे, वैध कंट्रोल नंबर दाखवला नसेल तर माहिती दिली नाही म्हणून दंड करता येत नाही. पण फॉर्मवर जुनी तारीख दिसली म्हणून मंजुरी संपली असं होत नाही, मुदतीच्या आत नवं पॅकेज ओएमबीकडे गेलं असेल तर जुनी मंजुरी महिन्यामहिन्याने चालू राहते. आणि जी गोष्ट मूळ कायद्यातच सक्तीची आहे तिथे हे संरक्षण कामाला येईल याची खात्री धरू नका. आधी रेगइन्फोवर नंबर टाकून स्थिती बघा, आणि फॉर्म थांबवायचाच असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय नाही.

पेशंटची कुठलीही माहिती कमेंटमध्ये जाता कामा नये. कमेंट्स जशाच्या तशा सगळ्यांना दिसतात. स्क्रीनशॉट लावणार असाल तर नाव, जन्मतारीख, मेडिकेअर नंबर तर काढाच, पण फाइलच्या नावात पेशंटचं आडनाव राहिलंय का तेही बघा. उदाहरणासाठी खरा पेशंट वापरूच नका, छोट्या गावात वय आणि आजार सांगितला तरी माणूस ओळखू येतो.

असोसिएशनने पाठवलेलं तयार पत्र सही करून द्यायचं का, तर द्या, पण त्याला स्वतःची कमेंट समजू नका. तेच पत्र ५० ऑफिसेसकडून आलं की वाचणारा एकाच मुद्द्यात ५० बसवतो. त्याऐवजी ओळखीच्या चार एजन्सीज मिळून प्रत्येकीने आपापली मिनिटं दिलीत, एक शहरातली, एक खेड्यातली, एक मोठी, एक तुमच्यासारखी, तर त्यांच्या अंदाजासमोर चार खरे आकडे उभे राहतात. कित्येकदा तो अंदाज अगदी थोड्या जणांशी बोलून काढलेला असतो, कोणाशी बोलले ते मुद्दा ८ मध्ये बघायला मिळतं.

लांबी दोन पानं पुरे. वर फॉर्म नंबर, कंट्रोल नंबर, डॉकेट नंबर (नोटिशीचा फाइल क्रमांक), तुम्ही कोण आणि वर्षाला किती फॉर्म्स भरता हे एका परिच्छेदात, मग मिनिटांचं टेबल, मग रकान्यांनुसार बदल. इंग्लिश साधी ठेवा, कायद्याची कलमं आली नाहीत तरी चालतं. पाठवल्यावर ट्रॅकिंग नंबर मिळतो तो जपून ठेवा, ३० दिवसांच्या नोटिशीत तो लागेल.

आणि ओएमबीचा निर्णय झाला की रेगइन्फोवर 'नोटीस ऑफ अ‍ॅक्शन' उघडून बघा. पूर्ण नकार क्वचित मिळतो, पण कधी मंजुरीला अटी जोडलेल्या असतात, पुढच्या वेळी वेळेचा अंदाज परत तपासा वगैरे, तर कधी ३ वर्षांऐवजी कमी मुदत दिलेली असते. त्याच पानावर मंजुरी संपायची तारीख असते, ती कॅलेंडरमध्ये टाका आणि तिच्या वर्षभर आधीपासून फेडरल रजिस्टरवर त्या फॉर्म नंबरचा अलर्ट लावून ठेवा, कारण पुढची ६० दिवसांची नोटीस त्या तारखेच्या बरीच आधी निघते. सध्याच्या नोटिशीचे किती दिवस उरलेत ते कळवा. पंधरा-वीस असतील तरी दोन आठवड्यांची नोंद बसते, आजच सुरू करा, आणि मसुदा झाला की पेशंटची माहिती काढून इथे टाका, मी वाचून सांगते.